मुलगी वर्षभरात पुढे गेली, फॉर्मवरचा आकडा खाली आला. मोजायचं तरी काय?

बडोदेकर_हिशेबनीस (वडोदरा)

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारातले, तीन-चार पिढ्या बडोद्यातच. मी एका केमिकल कंपनीत अकाउंट्स बघतो, त्यामुळे आकडा जुळला नाही की मला जेवण गोड लागत नाही. मुलगी अकरा वर्षांची. इथे तिला चिऊ म्हणतो.

चिऊला रेट सिंड्रोम आहे. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एमईसीपी२ नावाच्या जनुकातला दोष, बहुतेक मुलींमध्येच दिसतो. पहिले काही महिने सगळं ठीक वाटतं, मग आलेले शब्द जातात, हातांचा वापर जातो आणि हात एकमेकांवर चोळणं सुरू होतं. आजार १९६६ मध्ये आंद्रेआस रेट यांनी नोंदवला, जनुक १९९९ मध्ये हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेत सापडलं.

आता मुद्दा. स्पेशल एज्युकेशन शिकणारी एक मुलगी प्रबंधासाठी आमच्या पालकांच्या ग्रुपकडून फॉर्म भरून घेते. व्हाइनलँड म्हणतात तो, मूल रोजच्या जगण्यात काय काय करतं ते पालकांना विचारून मोजणारा. मागच्या दिवाळीनंतर एकदा भरला, आता परत. संवादाचा आकडा चक्क खाली आलाय. आणि घरात काय चाललंय? सकाळी बायको दोन वाट्या समोर धरते, एकीत उपमा, एकीत दूध-पोळी. चिऊ आधी छताकडे बघते, हात चोळत राहते. मग नजर उपम्यावर येते, तिथून आईच्या तोंडाकडे जाते आणि परत उपम्यावर. ही परत येणारी नजर म्हणजे ‘हे दे’. कधीकधी अर्धा मिनिट जातं, पण येते. मागच्या वर्षी नव्हती येत. रात्रीची झोपही सुधारली आहे, म्हणजे आम्ही तिघंही झोपतो.

फॉर्म विचारतो, किती शब्द बोलते.

शेवटच्या पानावर एक रिकामी चौकट आहे: ‘तुमच्या दृष्टीने कोणता बदल महत्त्वाचा आहे? संशोधनात काय मोजलं जावं?’ ही चौकट मला नीट भरायची आहे. ‘मुलगी आनंदी राहावी’ असलं काही लिहून त्या पोरीचा वेळ घालवायचा नाही. इथे संशोधनात काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो. औषधांच्या चाचण्यांत हे कसं मोजतात? आणि आमच्यासारख्यांनी काय लिहिलं तर त्याचा उपयोग होतो?

आकडेवाली_पुणे

दादा, मी क्लिनिकल ट्रायल्समध्ये संख्याशास्त्राचं काम करते. आधी तुमचा खाली गेलेला आकडा बघू.

तुम्हाला दाखवला तो बहुधा स्टँडर्ड स्कोर आहे. त्यात चिऊची तुलना अकरा वर्षांच्या इतर मुलांशी होते, सरासरी १०० धरून. ती मुलं वर्षभरात भराभर शिकतात, चिऊ सावकाश शिकते. ती शिकली तरी अंतर वाढतं आणि स्कोर उतरतो. त्या विद्यार्थिनीकडे रॉ स्कोर मागा, म्हणजे कुणाशी तुलना न करता केलेली गुणांची साधी बेरीज. तिने तिसरी आवृत्ती वापरली असेल तर ग्रोथ स्केल व्हॅल्यू नावाचा आकडाही मिळेल, त्यात मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी करता येते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. व्हाइनलँडमध्ये ज्या पातळीवर प्रश्न सुरू होतात, त्याच्या आसपासच चिऊचं सगळं जग आहे. दोन प्रश्नांच्या मधली जागा तिच्यासाठी फार मोठी पडते. भंगारवाल्याच्या काट्यावर सोनं तोलायला गेलं तर काटा हलणारच नाही. त्याचा अर्थ सोनं नाही असा होत नाही.

आता रेटच्या औषधाचं. ट्रोफिनेटाइडला अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२३ मध्ये मंजुरी दिली. रेटसाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध. त्यामागची मुख्य चाचणी लॅव्हेंडर: ५ ते २० वयाच्या १८७ मुली आणि तरुणी, १२ आठवडे. मुख्य मोजमापं दोन होती. एक आरएसबीक्यू, म्हणजे आईवडिलांनी भरायची ४५ प्रश्नांची यादी. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, त्यामुळे जास्तीत जास्त ९०, आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. दुसरं, डॉक्टरांनी एकूण सुधारणेबद्दल १ ते ७ मध्ये दिलेलं मत, त्यात ४ म्हणजे ‘बदल नाही’ आणि १ म्हणजे ‘खूपच सुधारणा’. औषध घेणाऱ्या गटात आरएसबीक्यू सरासरी ४.९ ने उतरला, खोटं औषध घेणाऱ्यांत १.७ ने. डॉक्टरांचं मत ३.५ विरुद्ध ३.८. संख्याशास्त्राच्या भाषेत फरक पक्का आहे.

पण घरात तो दिसतो का? ९० पैकी तीन गुण म्हणजे कमी हात चोळणं, की शांत रात्र, की तिसरंच काही, हे बेरजेतून कळत नाही. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना जुलाब झाले. म्हणजे प्रत्येक घराला आपला हिशेब मांडावा लागला: डायपर किती वाढले आणि त्या बदल्यात काय मिळालं.

आणखी एक. आरएसबीक्यू २००२ मध्ये आला तो रेटच्या मुली तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या इतर मुलींपासून वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून. ओळखायचं साधन आणि बदल मोजायचं साधन एकच असेल असं नाही. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, कारण नवं साधन तयार करून तपासायला वर्षं जातात आणि कंपनीला घाई असते.

बडोदेकर_हिशेबनीस

ताई, रॉ स्कोरचं आजच विचारतो. हे आधी कोणी सांगितलं असतं तर आमच्या हिचे दोन दिवस रडण्यात गेले नसते.

तीन गुणांचं मात्र गळ्याखाली उतरत नाही. ताळेबंदात एकूण बेरीज बरोबर आली तरी ऑडिटर खाती उघडून बघतोच ना? मग इथे आतली खाती का नाही उघडत? आणि दुसरं, सरळ आईवडिलांना का नाही विचारत, ‘बरं वाटतंय का?’

आकडेवाली_पुणे

खाती उघडतात. आरएसबीक्यूचेच भाग आहेत: मूड, श्वास, हातांच्या हालचाली, रात्रीचं वागणं, भीती, चालणं वगैरे. पण एका मुख्य आकड्यावर चाचणी उभी असते, बाकीचं पुरवणीत जातं.

आईवडिलांना सरळ का विचारत नाही त्याची एक गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सेक्रेटिन नावाच्या हार्मोनचं इंजेक्शन ऑटिझमवर चालतं अशी अमेरिकेत हवा झाली. १९९९ मध्ये साठ मुलांवर चाचणीचा निकाल आला: अर्ध्यांना सेक्रेटिन, अर्ध्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय मिळालं ते घरच्यांना माहीत नाही. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच. हा निकाल पालकांना समजावून सांगितला, तरी ६९ टक्के पालक म्हणाले की आम्हाला सेक्रेटिनमध्ये अजून रस आहे.

पालक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. आशा लागली की नजर बदलते, आणि मूल एरवीही थोडंफार पुढे जातच असतं.

इंदूरची_आई

पुण्याच्या ताईंचं सगळं मान्य, पण ही सेक्रेटिनची गोष्ट दर वेळी आमच्या तोंडावर मारतात म्हणून लिहिते.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा, फ्रॅजाइल एक्स, म्हणजे एका जनुकातल्या दोषामुळे येणारं बौद्धिक अपंगत्व. या आजाराच्या पालकांना आर्बाक्लोफेन या औषधाचं नाव पाठ आहे. अमेरिकेत चाचण्या चालल्या, ठरवलेल्या मुख्य मोजमापावर औषध पास झालं नाही, २०१३ मध्ये कंपनीने काम थांबवलं. तिकडचे कितीतरी आईबाप ओरडून सांगत होते की आमच्या मुलात फरक आहे, औषध काढून घेऊ नका. आता ही नुसती आशा होती, की मापच चुकीचं होतं? मला वाटतं दोन्ही असणार, पण कुठे किती ते आता कधीच कळणार नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

तिथे वापरलेली यादी, अॅबेरंट बिहेवियर चेकलिस्ट, ५८ प्रश्नांची आहे. १९८५ ची, संस्थांमध्ये राहणाऱ्या लोकांसाठी तयार केलेली. ओरडणं, मारणं, एका जागी न बसणं, कोपऱ्यात जाऊन बसणं. सगळे प्रश्न अडचणीच्या वागण्याचे. माझा मुलगा हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानातून एकटा पोहे आणतो, जिरावन मसाला जास्त घालायला सांगतो आणि सुटे पैसे मोजून घेतो. त्या यादीत यासाठी जागाच नाही. गोंधळ कमी घातला तर गुण कमी, संपलं.

अजून एक, याबद्दल कोणी बोलत नाही. आपण फॉर्म कशासाठी भरतोय त्यावर उत्तर बदलतं. अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढताना चाळीस टक्क्यांच्या वर बसलं पाहिजे, नाहीतर २०१६ च्या कायद्यातल्या कितीतरी सवलती हातच्या जातात. त्या दिवशी आई काय सांगते? ‘नाही हो, काहीच करत नाही.’ त्याच आईला पुढच्या महिन्यात शाळेत प्रगती दाखवायची असते. बरं, सर्टिफिकेटला वापरतात ती सोशल मॅच्युरिटी स्केल व्हाइनलँडचीच जुनी भावंड, नागपूरच्या मालिन यांनी भारतासाठी बसवलेली. हिशेबनीस भाऊ, तुम्हीही दोन्हीकडे बसला असाल.

बडोदेकर_हिशेबनीस

बसलोय. सर्टिफिकेटच्या रांगेत चिऊने नेमकी त्याच दिवशी समोरच्या बाईंच्या पेनकडे बघून नजर परत आणली, आणि हिने माझा हात दाबला, गप्प बसा म्हणून. कुठलं हॉस्पिटल ते विचारू नका.

निवांत_मांजलपूर

काका, मी पण बडोद्याचाच. वय २९, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, ऑटिझमचं निदान विसाव्या वर्षानंतर झालं. थ्रेड पूर्ण वाचला. सगळे आई, बाबा, डॉक्टर. ज्याच्या नावाने मोजमाप चाललंय तो कुठेय?

माझ्या लहानपणी एका सेंटरवर माझं ‘सोशल स्किल’ दर तीन महिन्यांनी मोजायचे. नजरेला नजर देतो का, हात मिळवतो का, गप्पा सुरू करतो का. माझा स्कोर मस्त वर गेला. मी भुवयांच्या मधे बघायला शिकलो होतो. घरी येऊन बाथरूममध्ये दिवा बंद करून बसायचो, ते कुणाच्या फॉर्ममध्ये नव्हतं. कागदावर मी यशस्वी केस आहे.

ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये ऑटिस्टिक लोक, घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून संशोधनाचे दहा प्राधान्याचे प्रश्न ठरवले. पहिला आला मानसिक आरोग्य. नजरेला नजर नाही. आणि औषधांचं बघा: एफडीएने ऑटिझमसाठी मंजूर केलेली दोन औषधं, २००६ ला रिस्पेरिडोन आणि २००९ ला अरिपिप्राझोल, दोन्ही ‘चिडचिड’ या खात्यावर. ती चिडचिड मोजली इंदूरच्या काकूंनी सांगितलेल्या यादीनेच. मी का चिडलो हे त्यात येत नाही. नवरात्रीत आमच्या सोसायटीच्या गेटसमोर दहा रात्री स्पीकर असतो. त्या दिवसांत माझा फॉर्म भरला तर मी ‘बिघडलो’, आणि दिवाळी संपल्यावर भरला की ‘सुधारलो’. गोळी कुठलीही द्या.

माझ्यासाठी विचाराल तर मी हे मोजीन: ऑफिसमधून आल्यावर पुन्हा माणसात यायला किती वेळ लागतो. बस.

चिऊ लिहू शकत नाही हे कळतंय. पण ती नजरेने उपमा मागते म्हणता, म्हणजे तिला विचारता येतं. मग विचारा.

बडोदेकर_हिशेबनीस

भाई, तू म्हणतोस ते लागलं, आणि बरंच झालं लागलं. पण व्यवहाराचं सांग, ‘तुला बरं वाटतंय का’ हे नजरेने कसं विचारू? उपमा समोर धरता येतो, बरं वाटणं कुठल्या वाटीत घालू?

वाचा_कारेलीबाग

हिशेबनीस साहेब, मी स्पीच थेरपिस्ट आहे, मध्येच पडते.

‘बरं वाटतंय का’ ही फार पुढची पायरी. आधी ‘अजून’ आणि ‘पुरे’ घ्या. गाणं लावा, मध्येच थांबवा, दोन कार्ड धरा. ‘पुरे’ म्हणता येणं ही मोठी गोष्ट आहे. आपण या मुलांना निवडायला शिकवतो आणि नकार द्यायला विसरतो. निवांत म्हणतात त्याची सुरुवात इथून होते.

पण त्याआधी उपम्याची परीक्षा घ्या. वाट्यांची बाजू बदला, उपमा कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कितीतरी मुलींना एका बाजूला बघणं सोपं जातं, आणि आपण त्याला आवड समजून बसतो. मग एका वाटीत तिला अजिबात न आवडणारं ठेवा, कारल्याची भाजी वगैरे. आणि वाट्या आईने नाही, तुम्ही धरा. आईचे डोळे नकळत उत्तर सांगतात. धरणाऱ्याने तिच्या खांद्यामागे भिंतीकडे बघायचं, आणि अर्धा मिनिट काहीही बोलायचं नाही. हे शेवटचं सर्वात अवघड, आपल्या लोकांना गप्प राहवत नाही.

आता चौकटीबद्दल. संशोधनात एक जुनी पद्धत आहे, गोल अटेनमेंट स्केलिंग, किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मांडलेली. मुलागणिक ध्येय वेगळं, पण मोजपट्टी सारखी: उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. अपेक्षित तेवढं झालं तर शून्य. चिऊसाठी असं लिहिता येईल: ‘घराबाहेरच्या ओळखीच्या माणसाने दोन वस्तू धरल्या तर दहापैकी सहा वेळा, एका मिनिटाच्या आत, नजर परत आणून निवड.’ हे शून्य. आठ वेळा झालं तर अधिक एक, चार वेळा तर उणे एक. औषध किंवा थेरपी सुरू व्हायच्या आधी लिहायचं, नंतर बदलायचं नाही. आणि गुण देणाऱ्याने व्हिडिओ बघून द्यायचे, व्हिडिओ आधीचा की नंतरचा हे त्याला न सांगता. म्हणजे पुण्याच्या ताईंची सेक्रेटिनची भीतीही बरीच कमी होते.

आपल्याकडे असं झालेलं आहे. गोवा आणि रावळपिंडी इथे ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवर पास नावाची चाचणी झाली, २०१६ मध्ये छापून आली. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी आईबापांना शिकवलं. आई आणि मूल खेळतानाचे व्हिडिओ घेतले, कोण कुठल्या गटातलं ते माहीत नसलेल्यांनी ते तपासले. मुलं स्वतःहून संवाद सुरू करायला लागली, पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ उलट कमी झाला. एकच बेरीज केली असती तर हे दोन्ही एकमेकांत जिरून गेलं असतं.

न बोलणाऱ्या मुलांसाठी ओर्का नावाचं साधनही आहे. अँजलमन सिंड्रोम या दुसऱ्या एका जनुकीय आजारासाठी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पालकांच्या मुलाखतींवरून बांधलेलं. नजर, हातवारे, खुणा, यंत्र, सगळं संवादात धरतं.

आकडेवाली_पुणे

गोल अटेनमेंटला माझा एक चिमटा. ध्येय सोपं ठेवलं की सगळे पास. एका मुलीचा ‘अधिक एक’ आणि दुसरीचा ‘अधिक एक’ यांची बेरीज करताना माझा हात थरथरतो. ध्येय लिहिणारा आणि थेरपी देणारा एकच नको. एवढं पाळलं तर मी गप्प.

आणि दादा, झोपेचं तुम्ही ‘आम्ही तिघंही झोपतो’ असं लिहिलंय. चिऊची झोप हा तिचा परिणाम. तुमची झोप तिच्या परिणामात धरता येणार नाही.

बडोदेकर_हिशेबनीस

ताई, इथे मी ऐकणार नाही. चिऊ आता मोठी होते आहे, आंघोळीच्या स्टुलावरून तिला उठवताना हिच्या कमरेतून कळ जाते. हिची कंबर गेली तर चिऊची आंघोळ गेली. आमची झोप तिच्या खात्यात टाकू नका, पण वेगळं खातं उघडा आणि त्याच पानावर दाखवा.

वाचाबेन, वाट्यांची परीक्षा घेतली. मी धरल्या, हिला गॅलरीत पाठवलं. बाजू बदलली तरी नजर उपम्यावर परत आली, फक्त शेजारच्या कुकरची शिटी झाली तेव्हा सगळंच फिसकटलं. कारल्याकडे तिने जो लुक दिला तो फॉर्ममध्ये कुठल्या प्रश्नाखाली बसवायचा ते सांगा. गप्प राहणं खरंच जमत नाही, दोनदा माझ्या तोंडून ‘बघ ना बेटा’ निघालंच.

रॉ स्कोर आला. संवादात थोडा वरच आहे. ती विद्यार्थिनी म्हणाली, गाइडनी फक्त स्टँडर्ड स्कोरचा तक्ता मागितला होता. आता दोन्ही टाकणार आहे.

चौकटीत हे लिहितोय, कमीजास्त असेल तर सांगा:

‘एक, आईखेरीज दुसऱ्या माणसासमोर नजरेने निवड आणि नजरेने नकार, व्हिडिओवरून मोजलेला. दोन, रात्री किती वेळा जागी होते, आठवणीवर न सोडता रोजच्या नोंदीतून. तीन, स्टुलावरून किंवा खुर्चीतून उठताना एका माणसाचा आधार पुरतो की दोन लागतात. सांभाळणाऱ्याची झोप आणि पाठ वेगळ्या रकान्यात. फॉर्म सणासुदीच्या आवाजात भरून घेऊ नये, किंवा तारीख तरी लिहावी. किती फरक पडला तर घराला तो फरक वाटेल, हे चाचणी सुरू व्हायच्या आधी घरच्यांना विचारून ठरवावं.’

तारखेचं वाक्य मांजलपूरच्या भाईकडून उचललंय.

निवांत_मांजलपूर

उचला. फक्त ‘नजरेने नकार’ पहिल्या ओळीत शेपटासारखा आलाय, त्याला वेगळा नंबर द्या. आणि नकार दिला की तो पाळला गेला का, हेही मोजा. नाहीतर ती ‘पुरे’ म्हणेल आणि तुम्ही ‘अजून एकच घास’ म्हणाल.

बडोदेकर_हिशेबनीस

दिला वेगळा नंबर. ‘अजून एकच घास’वाली आजी आमच्या घरात आहे, तिला हा थ्रेड वाचून दाखवणार आहे.

वाचाबेन, व्हिडिओसाठी मोबाइल कुठे ठेवू? समोर ठेवला तर चिऊ मोबाइलकडेच बघत बसते, बाजूला ठेवला तर डोळे दिसत नाहीत.

वाचा_कारेलीबाग

तुमच्या खांद्यावरून, थोडा वर, स्टँडला बांधून. स्क्रीन तिच्याकडे नको, मागचा कॅमेरा वापरा. पहिले दोन दिवस नुसता ठेवा, रेकॉर्ड करू नका, तिला सवय होऊ दे. आणि खिडकी तुमच्या पाठीमागे हवी, तिच्या नाही, नाहीतर चेहरा काळा येतो.